ताईंचा चहा आणि उघडं मशीन

“लिनक्सला व्हायरस लागत नाही ना हो?”

हा प्रश्न मी एवढ्या वेळा ऐकलाय, की झोपेतून उठवून विचारला तरी उत्तर देईन. आणि उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो, हेही मला ठाऊक आहे. कारण त्याला उत्तर नको असतं, मी होकाराची मान हलवायला हवी असते. मी हो म्हटलं, की तो सुटला. मग पासवर्ड नको, कुलूप नको, काळजी नको. बैलाला गोचीड होत नाही असं कुणी सांगितलं, तर गोठ्याचं दार उघडं टाकून कुणी गावाला जातं का? पण कॉम्प्युटर म्हटला की माणसं जातात.

नगरमध्ये मी तीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा केला. आता दुकान बंद आहे, पण फोन बंद नाहीत. जुन्या मशीनवर लिनक्स बसवून देणारा तांबोळी, अशी माझी ओळख केडगावपासून जामखेडपर्यंत आहे. लिनक्स म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटर चालू केल्यावर पडद्यावर जो सगळा संसार दिसतो, तो चालवणारी मूळ व्यवस्था. ती विकत घ्यावी लागत नाही, दहा वर्षांच्या म्हाताऱ्या मशीनवरही निमूट चालते आणि नेहमीचे व्हायरस तिच्यावर फारसे चालत नाहीत. यातलं ‘फारसे’ मी उच्चारतो, पण ते कुणाच्या कानात शिरत नाही.

चांगली गोष्ट अशी, की ही व्यवस्था एका घरात दोन कपाटं आणि दोन किल्ल्या देते. रोजच्या कामाची किल्ली वेगळी आणि मशीनचं पोट उघडायची वेगळी. मशीनमध्ये काही मोठी उलथापालथ व्हायची असेल, तर ती थांबते आणि ती दुसरी किल्ली, म्हणजे मालकाचा पासवर्ड मागते. ‘बाबा रे, विचार कर’ एवढंच तिला म्हणायचं असतं. पण आपल्या माणसांना विचार कर म्हटलं की घाई होते.

कोल्हारला एक गुरुजी आहेत. शाळेतून निवृत्त झाले, तरी शिकवण्या चालू. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी इंग्रजीतली एक ओळ पाठवली आणि खाली लिहिलं, ही टाका, मशीन पळायला लागेल. गुरुजींनी टाकली. मशीननं पासवर्ड मागितला, तोही टाकला. मशीननं त्यांच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांसकट स्वतःलाच पुसून घेतलं. मी गेलो तेव्हा काळ्या पडद्यासमोर गुरुजी हाताची घडी घालून बसले होते.

मी म्हटलं, “गुरुजी, पासवर्ड मागितला तेव्हा तरी थांबायचं!”

“त्यानं पासवर्ड मागितला म्हणूनच मला खात्री पटली,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “एवढं रीतसर विचारतोय म्हणजे काम कायदेशीरच असणार.”

मी डोक्याला हात लावला. मुलांनी न वाचता सही केली, तर हेच गुरुजी त्यांना बाकावर उभे करायचे.

पासवर्डांबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या जिल्ह्यात दहातले सात पासवर्ड कुलदैवताच्या नावाचे असतात, पुढे एक-दोन-तीन. भाऊबंदांचं कुलदैवत एकच, म्हणजे सगळ्या भावकीला पासवर्ड पाठ. बदला म्हटलं, तर म्हणतात, देवाचं नाव आहे, तोच राखील. गिऱ्हाईक पासवर्ड टाकत असताना मी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, ही आमच्या धंद्याची रीत. तर मागून खणखणीत आवाज येतो, “घ्या तांबोळीभाऊ, मोठा के, मग एच...” मी कानात बोटं घातली, तर माणूस दुखावतो. आमी काय परके हाय का, असं विचारतो. आपल्या माणसापासून लपवायचं म्हणजे त्याचा अपमान करायचा, हे आमच्याकडे दुधाबरोबर पाजलेलं असतं. आणि मशीनला सुधारणा करून घ्यायच्या असतात तेव्हा ते एक खिडकी दाखवतं. तिच्यावर ‘नंतर’ नावाचं एक बटण असतं, आणि सगळे तेच दाबतात. ते बटण ज्यानं बनवलं, त्याला एकदा भेटायचंय मला.

पण आज लिहायला बसलो ते लोकांना नावं ठेवायला नाही. ठेवली, ती भरपूर झाली. एकदा मी स्वतःच जे करून ठेवलं, ते सांगायचंय.

केडगावात नलूताईंचं वधू-वर सूचक केंद्र आहे. ताई शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी लग्नं जमवायचं काम सुरू केलं. आधी वह्या होत्या, मग मी त्यांना एक जुना कॉम्प्युटर लिनक्स बसवून दिला. त्यात दोन कप्पे, ‘मुले’ आणि ‘मुली’. प्रत्येकाचा फोटो, आणि फोटोखाली शिक्षण, नोकरी, राहायचं ठिकाण, फोन नंबर. ताईंची शिस्त कडक. पाहुणा आला की आधी भेटीच्या वहीत नाव, गाव आणि कुणासाठी आलात ते लिहायचं. मग बसायचं.

पण बसायचं कुठं, तर कॉम्प्युटरसमोर. मुलाकडची माणसं आली, की ताई ‘मुली’चा कप्पा उघडून द्यायच्या, बाणाचं बटण दाखवायच्या आणि म्हणायच्या, “तोवर स्थळं बघत बसा, मी चहा टाकते.” आलेल्याला चहाशिवाय पाठवायचं नाही आणि चहा दुसऱ्या कुणाच्या हातचा नाही, हा त्यांचा नेम. स्वयंपाकघर मागच्या अंगाला. आलं कुटायचं, दूध तापवायचं, कप धुवून पुसायचे. पाहुणा तोवर मोकळा.

मी सुरुवातीला नीट करून दिलं होतं, हे आवर्जून सांगतो. ताईंचं खातं वेगळं, पाहुण्यांसाठी वेगळं, त्यात नुसते फोटो आणि शिक्षण, नंबर नाहीत. दोन मिनिटं कुणी हात लावला नाही, तर पडद्याला आपोआप कुलूप. ताईंना ते महिनाभरही सोसलं नाही. आठवड्यातून तीनदा फोन.

“अहो, मी चहा घेऊन येते तर तुमचं मशीन झोपलेलं! पाहुणे माझ्या तोंडाकडे बघतायत. वर मला विचारतात, ताई, आम्ही काय चोर दिसतो का?”

“ताई, पासवर्ड टाकला की उठतं.”

“पाहुण्यांच्या देखत टाकू? मग त्यांना वाटणार, यांच्यापासून लपवतेय. आणि दोन-दोन खाती कशाला? एकदा तिकडून बाहेर पडा, एकदा इकडे शिरा. मला नाही जमत हे.”

दहा फोन झाल्यावर मी वैतागलो. एके दिवशी गेलो आणि सगळं काढून टाकलं. कुलूप बंद, पाहुण्यांचं खातं बंद, मशीन चालू केलं की पासवर्ड न विचारता थेट ताईंच्या खात्यात. वर हसत म्हणालो, “लिनक्स आहे ताई, याला काही होत नाही.”

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

गेल्या लग्नसराईत एका सकाळी ताईंचा फोन आला. आवाज पडलेला होता. सुवर्णा नावाची एक मुलगी, जामखेडकडच्या एका गावची. नगरला दवाखान्यात नर्स होती आणि केडगावात मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. तिचं नाव ताईंकडे नोंदवलेलं होतं. तिला अनोळखी माणसांचे फोन यायला लागले होते. एकानं तर तिचाच फोटो तिला पाठवला आणि खाली नको ते लिहिलं. घाबरून तिनं ते वडिलांना सांगितलं. वडील दुसऱ्या दिवशी आले, तिला घेऊन गावी गेले आणि म्हणाले, नोकरी बास झाली. त्यांचा हिशोब सरळ होता. फोटो आणि नंबर दोन्ही एकाच माणसाकडे आहेत, म्हणजे पोरीनंच कुणाला तरी दिलेत, आणि आता प्रकरण अंगाशी आल्यावर नाकारतेय. त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. दवाखान्यानं महिनाअखेरपर्यंत तिची जागा धरून ठेवली होती.

मी ताईंकडे पोचलो तेव्हा सुवर्णाचाच फोन चालू होता. ताईंनी तो माझ्या हातात दिला.

“काका, माझा नंबर तुमच्याकडून गेलाय,” ती म्हणाली.

आणि मी, तीस वर्षं लोकांना शहाणपण शिकवणारा माणूस, काय बोललो? “बेटा, इथून जाणं शक्य नाही. लिनक्स आहे. तू कुठं फेसबुकवर वगैरे फोटो टाकला होतास का? आठव बरं नीट.”



“काका, तो फोटो स्टुडिओत खास बायोडाट्यासाठी काढलेला. एकच प्रत. ताईंकडं दिली. माझ्या फोनमध्येसुद्धा नाही. तुम्ही बघा तरी एकदा.”

बघा तरी एकदा. एवढं साधं मागणं होतं, आणि मी बघायच्या आधीच निकाल देऊन मोकळा झालो होतो. मला स्वतःची लाज वाटली. मी बघायला बसलो.

लिनक्स एक काम गुपचूप करत असतं. मशीन कधी चालू झालं, कधी बंद झालं, त्याला काय जोडलं, काय काढलं, याची रोजनिशी लिहितं. बहुतेकांना तिचा पत्ताच नसतो. मी महिनाभर मागं गेलो. ताई स्वतः पेनड्राइव्ह वापरत नाहीत, त्यांना तो प्रकारच आवडत नाही. तरी एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी एक पेनड्राइव्ह लागला होता आणि अकरा वाजून सोळा मिनिटांनी निघाला होता. त्या पेनड्राइव्हचा स्वतःचा क्रमांकसुद्धा तिथं लिहिलेला होता. त्यावर काय उतरवून नेलं, ते रोजनिशी सांगत नाही. पण नऊ मिनिटांत ‘मुली’चा अख्खा कप्पा सहज जातो.

“ताई, चहाला किती वेळ लागतो तुम्हाला?” मी विचारलं.

ताई उठल्या. भेटीची वही काढली. त्या मंगळवारी अकरा वाजता एकच नाव होतं. भाच्यासाठी मुलगी बघायला आलेला एक मामा. नाव, गाव, सगळं त्याच्याच अक्षरात. ताईंना तो आठवला. दोन कप चहा प्यायला होता आणि आल्याची स्तुती केली होती. पुन्हा फिरकला नव्हता.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं आपण म्हणतो. इथं तर त्याला खुर्ची दिली होती, पंखा लावून दिला होता.

“सुवर्णाचा एकटीचाच नंबर गेला असेल का हो?” ताईंनी विचारलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन उचलला. मुलींच्या आयांना लावायला लागल्या. बाई बाईशी बोलते तसं, इकडचं तिकडचं काढत. आयांनी पोरींना विचारून परत फोन केले आणि दुपार होईपर्यंत कळलं, की आणखी चार मुलींना तसेच फोन आले होते. त्यातल्या तिघींनी तोवर घरी सांगितलंच नव्हतं. सुवर्णाच्याच दवाखान्यात काम करणाऱ्या एकीची आई म्हणाली, सुवर्णाला घरी बसवलं हे ऐकल्यावर माझी पोरगी गप्प बसली.

ताई घाबरल्या. “भाऊ, हे बाहेर गेलं तर उद्या माझ्या दारात कोण येईल?”

मला राग आला होता, पण त्यांच्यावर किती आणि स्वतःवर किती, हे मला वेगळं करता येईना. मी एवढंच म्हटलं, “ताई, नाही आलं तर नाही आलं. त्या पोरीची नोकरी जाते आहे.” ताईंनी डोळे पुसले, वही पिशवीत टाकली आणि आम्ही दोघं जाऊन पोलिसात तक्रार देऊन आलो. वहीतलं नाव आणि पेनड्राइव्हचा क्रमांक दोन्ही लिहून दिलं. चौकशी चालू आहे, म्हणून त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रोजनिशीतल्या त्या ओळी एका कागदावर छापल्या, दोन्ही वेळांखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि ताईंना घेऊन सुवर्णाच्या गावी गेलो. महिना संपायला दोन दिवस उरले होते. वाटेत ताई म्हणाल्या, चूक माझी म्हणून सांगा. मी म्हटलं, कुलूप तुम्ही नाही काढलंत.

सुवर्णाचे वडील, तिचे आप्पा, वस्तीवर बाजेवर बसले होते. माणूस कडक दिसला, पण वाईट नव्हता. ज्वारीची कापणी चालू होती, ती सोडून आमच्यासाठी थांबले होते. ताईंना बाज दिली आणि स्वतः पायरीवर बसले.

मी आधीच सांगून टाकलं. “आप्पा, तुमच्या पोरीचा फोटो आणि नंबर ताईंच्या मशीनमधून चोरीला गेला. त्या मशीनला कुलूप होतं. ते मी काढलं. चूक माझी आहे.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. “तुमी कशाला अंगावर वढून घेता? पोरीला वाचवायला आलाय व्हय? ताईंनी सांगितलं आसंल.”

“नाही. हे बघा.” मी कागद पुढे केला.

त्यांनी तो घेतला. पाच-सहा ओळी, सगळ्या इंग्रजी, आकड्यांनी भरलेल्या. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला.

“ह्ये कुनी लिवलं?”

“मशीन स्वतः लिहितं. माणूस सांगो न सांगो. ही वेळ बघा, या वेळी त्याचा पेनड्राइव्ह लागला, आणि या वेळी निघाला. ताई तेव्हा आत चहा करत होत्या. आणखी चार मुलींचे नंबर त्याच वेळी गेलेत. त्यांनाही फोन आलेत.”

“मशीन खोटं लिवत न्हाई?”

“त्याला खोटं लिहून काय मिळणार?”

आप्पांनी मान डोलावली. पेन्सिलीच्या रेघेवर बोट टेकवलं. मग सुस्कारा टाकला, सगळ्या अंगातला ताण निघून गेल्यासारखे सैल झाले.

“मंग पोरगी खरं बोलत हुती म्हना की. लई बरं झालं तुमी आलात. माजा जीव टांगनीला लागला हुता.” आणि घराकडे तोंड करून हाक मारली, “सुवर्णे! अगं, तुजं खरं निघालं. उद्याच्या गाडीनं जा तू कामाला.”

मला वाटलं, झालं. काम फत्ते. खरं सांगतो, मला त्या क्षणी थोडा अभिमानही वाटला. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात ती रोजनिशी उघडून बघायचं किती जणांना सुचलं असतं? ताईंनी पदराला हात पुसले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला होता.

सुवर्णा हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. सगळं आतून ऐकलं असणार. मला वाटलं रडेल, किंवा आभार मानेल. तिनं आधी तांब्या खाली ठेवला. मग वडिलांच्या हातातला कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत त्यांच्या हातात दिला.

“आप्पा, बावीस दिस मी तुमाला रोज ह्येच सांगत हुते,” ती म्हणाली. “मराठीत सांगत हुते. ह्यो कागद इंग्रजीत हाय. तुमाला वाचताबी येत न्हाई. आन् ह्येच्यावर तुमचा लगेच इश्वास बसला.”

आप्पांनी कागदाची घडी घातली.

ती माझ्याकडे वळली. “आन् काका, तुमीबी. तुमी तर मशीन उघडायच्या आदीच मला इचारलं, कुटं फोटो टाकला हुतास का म्हनून.”

ताई खाली बघत होत्या. मीही खाली बघितलं. तिनं तांब्यातलं पाणी भांड्यांत ओतून आमच्यापुढे ठेवलं, सगळ्यात आधी वडिलांपुढे, आणि बॅग भरायला आत निघून गेली.